कल्याणच्या पुढे गेलेली पुस्तकं

कल्याण सुटलं की लोकलच्या दोन वाटा होतात. एक कसाऱ्याला जाते, दुसरी कर्जतला. कर्जतच्या वाटेवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यातल्या माणसाला नवं मराठी पुस्तक हातात घेऊन, चाळून, मग घ्यायचं असेल तर तो आजही बहुधा डोंबिवली-ठाणं गाठतो, नाहीतर सरळ दादर. पन्नास वर्षांपूर्वी हे आणखी अवघड होतं. तरी इथल्या जुन्या घरांतली पुस्तकांची कपाटं पाहताना मला एक गंमत दिसत आली आहे. घर शिक्षकाचं असो, बँकेतल्या माणसाचं असो की कारखान्यातल्या फोरमनचं. पुलंची दोन-चार, 'स्वामी', 'मृत्युंजय' अशा ओळखीच्या रांगेत मध्येच 'बलुतं' उभं असतं. त्याला खेटून 'उपरा'. त्या घराची एकंदर आवडनिवड पाहता ही दोन पुस्तकं कुणी मुद्दाम दुकानात जाऊन आणली असतील असं वाटत नाही. चौकशी केली की उत्तर येतं, ''आम्ही ग्रंथालीचे सभासद होतो ना!''

'ग्रंथाली' ही वाचक चळवळ २५ डिसेंबर १९७४ रोजी सुरू झाली. तिची वाटचाल आजवर बरीच लिहून झाली आहे, पण बहुतेक वेळा लेखकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बाजूनं. ज्या घरांत पुस्तकं जाऊन पोचली त्या घरांच्या बाजूनं ती क्वचितच मांडली जाते. ती तशी मांडायची तर कल्याणच्या पुढचा हा टापू त्याला सोयीचा आहे. इथे राहणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. येताना तो भांडीकुंडी घेऊन आला. पुस्तकं बहुतेकांनी इथे आल्यावर जमवली.

उल्हासनगर तर मुळात छावणीच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या गावाची कोनशिला बसली. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगावं लागतं. अंबरनाथची ओळख एका टोकाला १०६० सालचा शिलालेख असलेलं शिवमंदिर आणि दुसऱ्या टोकाला ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोची काडेपेटी आणि एमआयडीसी. बदलापूर बराच काळ गावच होतं. मुंबईतली चाळ सोडून स्वतःचा ब्लॉक घ्यायचा म्हणून एकेक स्टेशन मागे सरकत आलेल्या माणसांनी त्याचं शहर केलं. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, सकाळची गाडी. सीएसएमटीपर्यंत जाऊन परत यायचं तर दिवसाचे तीन तास सहज तिच्यात जातात. बसायला जागा मिळाली तर तेवढा वेळ वाचायला मोकळा.

वाचायचं काय, हा मात्र प्रश्न होता. ठाणे जिल्ह्याला ग्रंथालयांची परंपरा जुनी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुढे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लागले आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. याचा फायदा झाला तसा एक परिणामही झाला, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक वाचनालय. प्रकाशक वाचनालयाकडे बघून छापणार, वाचनालय सभासदाच्या मागणीकडे बघून घेणार, आणि सभासद मागणी करणार ती त्यानं आधी वाचलेल्या लेखकाच्याच पुढच्या कादंबरीची. या साखळीत एखादं अनोळखी पुस्तक घुसवायचं कुणी?

'ग्रंथाली'मागचे दिनकर गांगल तेव्हा 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये होते. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींत पत्रकारांचा भरणा मोठा. अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर ही त्यातली ठळक नावं. कल्पना तशी साधी होती. वाचकानं सभासद व्हायचं, पैसे आगाऊ भरायचे. त्या पैशांवर पुस्तक छापायचं, मोठ्या संख्येनं छापायचं, म्हणजे प्रतीमागचा खर्च उतरेल आणि सभासदाला ते कमी किमतीत देता येईल. मधले दलाल कमी, वाचनालयाच्या मंजुरीची वाट पाहणं नाही. पुढे 'रुची' हे नियतकालिक निघालं, पुस्तकं घेऊन गावोगाव फिरणारी ग्रंथयात्रा झाली, प्रदर्शनं भरली. व्यवहाराचा हा भाग ज्याला त्याला कळला. पण आगाऊ पैसे भरण्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. एकदा पैसे भरल्यावर येणारं प्रत्येक पुस्तक आपल्याच पसंतीचं असेल याची हमी कुणाला नव्हती. निवड दुसरा कोणी करत होता. माझ्या मते 'ग्रंथाली'चं सगळं यश याच एका गोष्टीत आहे. किमतीतली सवलत हे आमिष होतं, आणि ते चांगलं आमिष होतं.

हा प्रयोग जगात पहिला नव्हता. अमेरिकेत १९२६ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. परीक्षकांचं मंडळ दरमहा एक पुस्तक निवडायचं आणि ते टपालानं घरी यायचं. आपल्या चळवळीशी अधिक जवळचं नातं लागतं ते इंग्लंडच्या 'लेफ्ट बुक क्लब'शी. व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकानं तो मे १९३६ मध्ये काढला. निवड करणारे तिघं : स्वतः गोलान्झ, हॅरल्ड लास्की आणि जॉन स्ट्रेची. अडीच शिलिंगांत महिन्याला एक पुस्तक, नारिंगी वेष्टनात. सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली आणि गावोगाव त्या पुस्तकांवर बोलणारी मंडळं उभी राहिली. मार्च १९३७ मध्ये त्यांनी जॉर्ज ऑर्वेलचं 'द रोड टू विगन पिअर' दिलं. पुस्तकाचा पहिला भाग उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या हालांचा, तो सगळ्यांना पटणारा होता. दुसऱ्या भागात ऑर्वेलनं क्लबच्या सभासदांसारख्याच मध्यमवर्गीय समाजवाद्यांची हजेरी घेतली होती. गोलान्झ अडचणीत आला. पुस्तक तर दिलंच पाहिजे, सभासदांचा राग तर यायला नको! त्यानं स्वतःची प्रस्तावना जोडली आणि तीत ऑर्वेलच्या त्या भागाशी आपण सहमत नसल्याचं सांगून टाकलं. मला हा प्रसंग फार आवडतो. निवडणाऱ्याला धास्ती वाटली, तरी त्यानं पुस्तक थांबवलं नाही. सभासदांच्या मनात काय येईल याची चिंता निवडणाऱ्याला पडावी, असं पुस्तक वर्षातून एकदा तरी निवडलं गेलं पाहिजे.

'ग्रंथाली'कडे ते पुस्तक १९७८ साली आलं.

दया पवारांचं नाव कवितेच्या वाचकांना ठाऊक होतं. 'कोंडवाडा' हा त्यांचा संग्रह १९७४ सालचा. दलित साहित्य तेव्हा नवं नव्हतं. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाला पंधरा वर्षं झाली होती. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आणि दलित पँथर दोन्ही १९७२ मधले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' चालवत होते. पण हे सारं ज्या वाटांनी फिरत होतं त्या वाटा बदलापूरच्या गृहनिर्माण सोसायटीत जात नव्हत्या. अनियतकालिकं, मेळावे, मोर्चे, 'साधना'सारखी साप्ताहिकं. ज्याला शोधायचं तो शोधायचा. 'बलुतं' हे न शोधणाऱ्याच्या घरी आलं. सभासदानं ते मागितलं नव्हतं. वर्गणी त्याला घेऊन आली.

आणि मग ते उघडलं गेलं. दगडू मारुती पवार दया पवारला आपली गोष्ट सांगतो आहे, अशी त्याची रचना. मागे सोडलेला माणूस आणि शिकून पुढे गेलेला माणूस एकमेकांसमोर बसले आहेत, आणि एकाला दुसऱ्यासमोर धड उभं राहता येत नाही. धामणगावचा महारवाडा, मुंबईतला कावाखाना, वडिलांचं दारूत बुडालेलं आयुष्य, आईचे कष्ट, स्वतःच्या संसाराची वाताहत. यात नायक कुणी नाही. लेखक स्वतःलाही सोडत नाही. मराठी घरांतलं तोवरचं आत्मचरित्र म्हणजे थोर माणसानं निवृत्तीनंतर केलेली बेरीज. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'सारखा अपवाद सोडला तर आत्मचरित्रात कुणी फारसं लाजत नव्हतं. इथे पानोपानी लाज होती, आणि ती नक्की कुणाची हे वाचणाऱ्याला ठरवता येत नव्हतं.

वाचकांच्या प्रतिक्रियांबद्दल लिहायचं तर सरसकट 'खळबळ उडाली' असं लिहून मोकळं होता येतं. प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे स्वागत. पु. ल. देशपांडे यांनी या पुस्तकाचं मनापासून कौतुक करणारं लिहिलं. पुलंनी एखाद्या पुस्तकाबद्दल बरं म्हणणं ही त्या काळात मध्यमवर्गासाठी मोठीच शिफारस होती. पुस्तक आलं होतं, पण उघडलं नव्हतं अशा कित्येक घरांत ते त्यानंतर उघडलं गेलं असणार. दुसरी गोष्ट म्हणजे अवघडलेपण. भाषा रांगडी, प्रसंग उघडेवाघडे. मुलांच्या हाती लागू नये म्हणून पुस्तक वरच्या फळीवर ठेवणारी घरं होती. 'हे खरं असेल हो, पण हे लिहायचं कशाला?' हा प्रश्न मी पुढेही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो विचारणारे सगळेच दुष्ट नव्हते. शेजारी राहणाऱ्या, एकाच गाडीनं ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललं असेल, याची कल्पना न करता जगण्याची त्यांना सवय होती. ती सवय एकाएकी मोडली.

तिसरी प्रतिक्रिया सगळ्यांत गुंतागुंतीची, आणि या टापूत ती समजून घेण्यासाठी लांब जावं लागत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली सुभाष टेकडी ही आंबेडकरी चळवळीची जुनी वस्ती. सिंध्यांचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातलं हे मराठी, बौद्ध उल्हासनगर बाहेरच्यांना माहीतच नसतं. 'बलुतं'वर सर्वांत तीव्र नाराजी आली ती दलित समाजातूनच. घरातल्या बायकांबद्दल, आप्तांबद्दल, मेलेल्या गुरांच्या मांसाबद्दल असं चारचौघांत का लिहिलं? ज्या लाजेतून १९५६ साली धर्मांतर करून बाहेर पडायचं ठरवलं, तीच पुन्हा सवर्णांच्या दिवाणखान्यात नेऊन का मांडली? हा सवाल चुकीचा नव्हता. पुस्तक कोणाच्या घरी जाणार हे विचारणाऱ्यांना पक्कं कळलं होतं. 'ग्रंथाली'चा सभासद बहुसंख्येनं कोण होता हे काही गुपित नव्हतं. उलट बाजूनं, या पुस्तकाला साक्ष मानून पुढे स्वतः लिहायला बसलेली एक पिढी त्याच वस्त्यांतून आली. दया पवारांच्या वाट्याला सन्मान आले. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. रोषही आला, आणि तो त्यांना शेवटपर्यंत पुरला. १९९६ च्या डिसेंबरात ते गेले. 'बलुतं'चं जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर यायला २०१५ साल उजाडलं.

पुढची निवड सोपी होती असं नाही, पण वाट पडली होती. १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं 'उपरा' आलं. कैकाडी समाज, टोपल्या विणत गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणं, शाळेत शिरलेला पहिला मुलगा आणि त्यानं जातीबाहेर केलेलं लग्न. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इथे सभासदांची तक्रार वेगळी होती आणि तिच्यात तथ्य होतं. कैकाडी बोलीतले शब्द अडत होते, वाचनाची गती मोडत होती. ज्यांनी चिकाटीनं वाचलं त्यांना फलाटावर, पुलाखाली राहणारी माणसं निराळी दिसू लागली असतील, नसतील. माझा यावर फार विश्वास नाही. पुस्तक वाचून माणसं बदलतात असं प्रकाशकांनी म्हणायचं असतं. पण निदान, 'मला माहीत नव्हतं' असं त्यांना नंतर म्हणता येईना.

१९९४ मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' आलं. किशोर शांताबाई काळे हा डॉक्टर झालेला तरुण. तमाशात नाचणाऱ्या आईचं नाव त्यानं स्वतःच्या नावात घेतलं होतं, वडिलांचं नव्हे. हे पुस्तक हातोहात गेलं. रांगेत उभं राहून पुस्तक घ्यावं असं मराठीत क्वचित घडतं. हे त्यातलं एक. त्यावर कोल्हाटी समाजातूनही संताप आला. आमच्या बायकांची चर्चा तुम्ही बाजारात मांडली, असा. 'बलुतं'च्या वेळचा सवाल सोळा वर्षांनी तसाच परत आला. काळे २००७ मध्ये अपघातात गेले, वय काही जायचं नव्हतं. आणि २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. रत्नागिरीकडे बांबूची सुपं-टोपल्या विणणारी आई आणि लिहिणारी मुलगी, दोघींचं विणकाम शेजारी शेजारी ठेवणारं. कोकणातून येऊन अंबरनाथ-बदलापुरात स्थिरावलेल्या वाचकांची संख्या मोठी. त्यांना यातलं गाव ओळखीचं, वाटा ओळखीच्या, फक्त गावाचा तो भाग अनोळखी. पुरुषांच्या आत्मकथनांत जी बाई नुसती सोसत होती ती इथे नवऱ्याशी, चळवळीशी, बायकांच्या संघटनांशीही वाद घालते. घरातल्या बायकांनी आपण होऊन मागून वाचलेलं यातलं पुस्तक कुठलं, असं कुणी विचारलं तर मी 'आयदान'चं नाव घेईन.

या सगळ्याला 'दुःखाचा बाजार' म्हणणारे समीक्षकही होते. एकापाठोपाठ आलेल्या आत्मकथनांना साचा पडत चालला, हा त्यांचा आक्षेप पूर्णपणे झटकता येत नाही. सभासदांना एकदा चटका बसला की पुढचा चटका थोडा अधिक तापलेला लागतो. निवडणाऱ्यांनाही मग तेच पुन्हा निवडायचा मोह होतो. 'ग्रंथाली'नं या काळात विज्ञान, समाज, प्रवास, पत्रकारिता अशा कितीतरी विषयांवरची पुस्तकं काढली. त्यातली बरीच आज कुणाला आठवत नाहीत. संस्थेला पन्नास वर्षं झाली की असंच होतं, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

सभासद योजनेची धार कधी बोथट झाली, याची तारीख सांगता येणार नाही. दूरचित्रवाणीवर खापर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. मला वाटतं, कारण अधिक साधं आहे. पुस्तकं मिळणं सोपं झालं. जिल्ह्या-जिल्ह्यात प्रदर्शनं भरू लागली, इतर प्रकाशकांनीही प्रकाशनपूर्व सवलती सुरू केल्या, मग इंटरनेट आलं. हवं ते पुस्तक हव्या त्या दिवशी घरी येत असेल, तर न मागितलेल्या पुस्तकासाठी आगाऊ पैसे कोण भरील? 'ग्रंथाली' हळूहळू इतर प्रकाशन संस्थांसारखी प्रकाशन संस्था झाली, चांगली प्रकाशन संस्था झाली. गांगलांनी २०१० च्या सुमारास 'थिंक महाराष्ट्र'च्या कामाला हात घातला.

या वाटचालीत एक मोठी फट आहे आणि ती याच टापूत स्पष्ट दिसते. 'ग्रंथाली'चं पुस्तक विठ्ठलवाडीला उतरून सुभाष टेकडीवर पोचलं, अंबरनाथला पोचलं, बदलापूरला पोचलं. मधल्या उल्हासनगरच्या सिंधी घरात ते पोचलं नाही, आणि सिंधी घरातलं पुस्तक इकडे आलं नाही. उल्हासनगर म्हटलं की मराठी माणसाला फर्निचर बाजार, जीन्स आणि 'मेड इन यूएसए'चा शिळा विनोद आठवतो. तिथे सिंधी कादंबरीकार राहत होते हे आपल्या गावी नाही. मोहन कल्पना हे आधुनिक सिंधी कथा-कादंबरीतलं मोठं नाव. जन्म सिंधमधल्या कोटरीचा, फाळणीनंतर इकडे आलेले. 'उहा शाम' या कादंबरीसाठी त्यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे 'उपरा'नंतर तीनच वर्षांनी. एकाच रेल्वेमार्गावर घर सुटलेल्या माणसांची दोन साहित्यं तयार होत होती, दोन्हींना दिल्लीहून मान मिळत होता, आणि मधले रूळ कुणी ओलांडले नाहीत.

सिंधी वाचकाची स्वतःची अडचण तर आणखी अवघड. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण लिपीचा प्रश्न सुटला नाही. एक पक्ष अरबी-फारसी वळणाच्या जुन्या लिपीचा, दुसरा देवनागरीचा. जुन्या लेखकांचं लेखन जुन्या लिपीत, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ती लिपी येत नाही. आजोबांचं कपाट घरात आहे. नातवाला ते बंदच आहे, किल्ली असूनही. मराठी शाळा ओस पडत चालल्या असताना आपण मराठीची काळजी करतो, तेव्हा दोन स्टेशनं अलीकडे हे सारं घडून गेलेलं आहे याकडे बघायला हरकत नाही.

आता सध्याचं. या पट्ट्यात पुस्तकांचा अगदीच दुष्काळ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. बदलापुरात श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा' उभं केलं. दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि जुनी नियतकालिकं चाळायला अभ्यासक मुंबईहून उलट्या गाडीनं बदलापूरला येतात. मुंबईकडे तोंड करून जगणाऱ्या गावाला ही चैन क्वचितच मिळते. डोंबिवलीत पुंडलिक पै यांची 'पै फ्रेंड्स लायब्ररी' १९८६ पासून आहे. त्यांच्या पुस्तक आदान-प्रदान सोहळ्याला लोक पिशव्या भरभरून पुस्तकं आणतात आणि तितकीच घेऊन जातात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात विनायक रानडे यांनी २००९ पासून शंभर पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. वाचकांच्या एका गटाकडे एक पेटी, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे. या पेट्या पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. पेटीत काय आहे हे उघडल्यावरच कळायचं, हा तिचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. 'ग्रंथाली'च्या मूळ कल्पनेला सर्वांत जवळचं काही असेल तर ते हेच.

याखेरीज आहेत ते वाचनकट्टे. कुठे सोसायटीच्या सभागृहात, कुठे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातला एखादा रविवार. अशा एका कट्ट्यावर मीही बसतो, म्हणून हे जरा तिखट लिहिण्याचा अधिकार घेतो. पुढच्या महिन्याचं पुस्तक आम्ही व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन ठरवतो. चार नावं टाकली जातात आणि ज्याला अंगठे जास्त तेच येतं. परिणाम अपेक्षित. ज्या लेखकाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे तोच जिंकतो. ज्याच्या कादंबरीवर मालिका किंवा सिनेमा निघाला तो तर बिनविरोध. प्रतिक्रियाही ठरलेल्या : 'ओघवती शैली', 'व्यक्तिरेखा जिवंत', 'शेवट थोडा गुंडाळला'. भांडण होत नाही. कुणी उठून जात नाही. चहा वेळेवर येतो. 'लेफ्ट बुक क्लब'च्या गोलान्झला प्रस्तावना लिहायची पाळी आमच्यामुळे कधीच आली नसती.

दोष माणसांचा नाही. दिवसाचे तीन तास उभ्यानं प्रवास केलेला माणूस रविवारी आवडीचं वाचू इच्छितो, त्याला नावं कशी ठेवणार? पण मत देऊन निवडलेलं पुस्तक बहुधा आपल्याच आवडीच्या आवारात फिरतं. 'बलुतं' १९७८ साली सभासदांच्या मताला टाकलं असतं तर त्याला किती अंगठे मिळाले असते, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

गेल्या बैठकीत मी एक सूचना मांडली. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी वर्गणी आगाऊ भरावी. बारा महिने, बारा सभासद. ज्याचा महिना त्यानं एकट्यानं पुस्तक निवडायचं, कुणाला विचारायचं नाही, आणि निवडलेलं बैठकीच्या आधी फोडायचं नाही. त्यातला किमान एक महिना उल्हासनगरकर सिंधी शेजाऱ्याला बोलावून त्याच्या हाती द्यायचा. जुन्या लिपीतलं पुस्तक असेल तर त्यानं वाचून दाखवावं, आम्ही ऐकू. यावर बरीच गडबड झाली. एका बाईंनी विचारलं, सिंधीतलं आम्हाला कळणार कसं? दुसऱ्या म्हणाल्या, कॅम्पातल्या माझ्या शेजारणीला विचारते, तिच्या सासऱ्यांची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. ऑर्डनन्समधून निवृत्त झालेल्या, सगळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या काकांनी मात्र मुद्द्याचंच काढलं : आवडलं नाही तर पैसे परत मिळणार का? नाही मिळणार, असं सांगितल्यावर त्यांनी वही उघडून पहिलं नाव स्वतःचं लिहिलं आणि जून महिना मागून घेतला. कोणतं पुस्तक, ते सांगायला तयार नाहीत.